प्रश्न 'तू'चा नाही, एकतर्फीपणाचा आहे

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून ती समतेची भाषा, असे सर्रास सांगितले जाते. आम्हाला हे मान्य नाही. इंग्रजीतही 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा भेद होताच. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या प्रभावाने 'यू' वरिष्ठांसाठी वापरात आले. मालकाने नोकराला 'दाऊ' म्हणायचे, नोकराने मात्र 'यू'च. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथीयांनी लहानथोर सर्वांना 'दाऊ' म्हटले आणि त्यापायी मार खाल्ला. पुढे 'दाऊ'च लोपले. वर्गभेद मात्र 'सर' आणि 'लॉर्ड'मध्ये शाबूत राहिला.

जर्मनीत अठराव्या शतकात नोकराला समोर उभे करून 'एर', म्हणजे 'तो', असे संबोधत. आज तिथे अनोळखी प्रौढ एकमेकांना 'झी' म्हणतात. १९६८च्या आंदोलनानंतर विद्यार्थ्यांत परस्परांना 'डू' म्हणणे रूढ झाले. दोन्हींत अपमान नाही, कारण दोन्ही बाजूंनी शब्द एकच आहे.

म्हणून सर्वनामे किती, हा प्रश्नच नाही. वडिलांच्या वयाच्या सफाई कामगाराला 'अरे' म्हणणारा त्याच्याकडून 'अरे' ऐकून घेईल का? नसेल, तर ती बोलीची लकब नव्हे, उतरंड आहे. आणि ती मोडायला नवे व्याकरण लागत नाही.