एक रात्र बिनमार्कांची

रात्री दीड वाजता लातूरच्या ट्युशन एरियातून एक चक्कर मारून बघा. निम्म्या खिडक्यांत दिवे दिसतात. अभ्यासिकांखाली सायकली आणि स्कूट्या लावलेल्या असतात. आत सतरा-अठरा वर्षांची मुलं टेबलावर वाकून बसलेली. नांदेडला क्लासेसच्या भागात गेलात तरी वेगळं काही दिसणार नाही. 13 डिसेंबरच्या रात्रीही हे असंच चालू असतं. फरक एवढाच, की त्या रात्री या सगळ्यांच्या डोक्यावर वर्षातला सगळ्यात भरवशाचा उल्कावर्षाव चालू असतो. हजारो मुलं जागी असतात आणि वर कोणी बघत नाही.

हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. मराठवाड्यात आपण रात्र रात्र जागतो, पण स्वतःच्या मर्जीने जागायची सोय आपल्याला नाही. कोणीतरी जागवतं म्हणून आपण जागतो. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी माझं सांगते. बारावीला मी लातूरच्या एका मुलींच्या हॉस्टेलवर होते. कुठलं ते महत्त्वाचं नाही, शेजारची हॉस्टेलंही तशीच होती. मोबाइलवर बातमी वाचली की आज रात्री मिथुन राशीतून उल्का पडणार. रात्री अकरा वाजता रेक्टर मॅडमकडे गेले आणि अर्ध्या तासासाठी गच्चीची किल्ली मागितली. मॅडम चिडल्या नाहीत. उलट प्रेमानेच म्हणाल्या, "बाळा, उद्या टेस्ट आहे ना? आणि याच्यावर प्रश्न येतो का?"

मी परत आले. कॉरिडॉरच्या टोकाला जाळी होती. तिथून समोरची बिल्डिंग आणि आमची बिल्डिंग यांच्या मधली हातभर आकाशाची पट्टी दिसायची. वीस मिनिटं उभी राहिले. एक उल्का दिसली. रूममेटला हाक मारेपर्यंत ती विझलीही होती. मग मी खोलीत जाऊन तीन वाजेपर्यंत अभ्यास केला. म्हणजे प्रश्न झोपेचा नव्हताच. तीन वाजेपर्यंत जागायला माझ्यावर कोणाचीच हरकत नव्हती. हरकत फक्त त्यातल्या अर्ध्या तासाला होती.

आता "याच्यावर प्रश्न येतो का" याचं उत्तर देते, कारण तेव्हा मला सुचलं नव्हतं. या उल्का ज्याच्यापासून येतात त्याचं नाव 3200 फेथॉन. 1983 साली एका कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीमुळे होतात. हा मात्र लघुग्रह आहे, खडकाचा गोळा. साधारण दीड वर्षात तो सूर्याभोवती एक फेरी मारतो, तीही अशा लांबुडक्या कक्षेतून की सूर्याजवळ येताना बुधाच्याही आत शिरतो. केप्लरचे नियम नीटच्या सिलॅबसमध्ये आहेत. ते इथे डोळ्यांसमोर चालू असतात.

अजून एक. या उल्का सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर वेगाने हवेत घुसतात. एक ग्रॅमचा खडा घ्या आणि गतिज ऊर्जेचं सूत्र लावा. उत्तर सहा लाख ज्यूलच्या वर जातं. तेवढ्या उष्णतेत 20 अंशांचं दीड लिटरहून जास्त पाणी उकळायला लागेल. एका ग्रॅमच्या खड्यात! हे गणित मी वहीत पन्नास वेळा केलं होतं, पण त्यात "एका ट्रकचे वस्तुमान" असायचं. तो ट्रक मला कधी दिसला नाही.

पण मला खरं तर हे उत्तर द्यायचंच नाही. प्रश्न येतो म्हणून बघू द्या, असं म्हटलं की मी हरले. उद्या प्रश्न आला नाही तर काय, परत कुलूप? जगातली प्रत्येक गोष्ट आधी परीक्षेच्या दारात उभी राहून आपली लायकी सिद्ध करणार, मगच तिला आत घेणार, ही सवयच मोडायला हवी. उल्का बघून काही मिळत नाही. म्हणूनच बघायची.

आता जरा मागे जाऊ. आमच्या भागाने रात्री कशासाठी जागवल्या, त्याची यादी करा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोक दमून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत किती तरी कुटुंबं घरात झोपायला घाबरायची. माझ्या आईवडिलांच्या पिढीने आकाशाखाली काढलेल्या रात्री त्या अशा. मग 2016. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल या हिशेबाने लोक घागरी घेऊन बसलेले असायचे. आणि दर हिवाळ्याला शेतीची लाईट. काही दिवस ती दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शेतात जावं लागतं.

माझं गाव कंधार तालुक्यात. माझी पहिली उल्का मी तिथेच पाहिली. सातवी-आठवीत असेन. बाबा रात्री पाणी द्यायला निघाले आणि मी हट्ट करून सोबत गेले. माझं काम बॅटरी धरायचं. मोटर चालू झाली, पाणी दांडातून वळलं आणि मी वर बघितलं, तर एक पांढरी रेघ सरळ अर्ध्या आकाशातून गेली. मी ओरडलेच. बाबा म्हणाले, "वर काय बघालीस, इकडं दांड फुटलाय." त्यांनी वर बघितलं नाही. बघणार कसे? पायाखाली साप असू शकतो, लाईट कधीही जाऊ शकते, आणि पाणी दुसऱ्याच्या वावरात शिरलं तर सकाळी भांडण. सकाळी आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तारा तुटला की बघू नये, कुणीतरी गेलेलं असतं."

म्हणून "गावाकडचं आकाश किती सुंदर" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. आकाश सुंदर आहेच. पण त्याच्याखाली सगळ्यात जास्त रात्री काढणाऱ्या माणसाला मान वर करायची फुरसत नाही. त्या रात्रीही त्याच उल्का बाबांच्या डोक्यावरून जातात, आणि उसाच्या फडात गाडी भरणाऱ्या टोळीच्याही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. ती माझ्या लेखी आकाशदर्शनाचीही योजना आहे. बाबांना दिवसा पाणी देता आलं तर रात्र त्यांची होईल. मग ती झोपून काढायची की बाजेवर पडून तारे बघायचे, ते ठरवतील.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप: घरच्यांनी कर्ज काढून, कधी शेत विकून पोराला लातूरला ठेवलंय आणि तुम्ही त्याला तारे बघायला सांगता? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, माझीही फी अशीच भरली गेली. पण हिशेब करा. वर्षाच्या 365 रात्रींतली एक मागतेय, तीही पूर्ण नाही, दोन तास. जी तयारी दोन तासांनी कोसळते ती मुळात उभी होती का? आणि मुलं रोज रात्री रील्समध्ये किती वेळ घालवतात हे रेक्टरलाही माहीत आहे आणि आईबापांनाही. ते खपतं, कारण ते रजईच्या आत, कुलपाच्या आत चालतं.

दुसरा आक्षेप: मुलींना रात्री बाहेर कसं सोडणार? इथे माझं सगळ्यात मोठं भांडण आहे. मुलांच्या हॉस्टेलवरची पोरं बारा वाजता चहा प्यायला चौकात जातात. त्यांनी ठरवलं तर गाडी काढून औशाच्या पुढे माळावर जाऊन पडू शकतात. आम्हाला जिन्याच्या वरच्या दारापर्यंत जायची मुभा नाही. मी रस्ता मागत नव्हते, त्याच इमारतीचं छप्पर मागत होते. गच्चीला कुलूप का असतं हे हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलीला माहीत असतं, बोलत कोणी नाही. त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. पण मुलं खचतायत म्हणून गच्ची बंद करायची आणि ज्यामुळे खचतायत ते वेळापत्रक तसंच ठेवायचं, ही काळजी अर्धवट आहे. एक रात्र रेक्टरसकट, शिक्षकांसकट सगळे मिळून वर या. कठडा नसेल तर अंगणात बसा. चाळीस मुली सतरंजीवर आडव्या पडून एकदम "ती बघ!" म्हणून ओरडल्या, तर त्या रात्री कोणालाही एकटं वाटणार नाही.

तिसरा आक्षेप थोडा खरा आहे: गेल्यावेळी बघितलं, काही दिसलं नाही. याला बातम्या देणारे जबाबदार आहेत. "तासाला 150 उल्का!" असा मथळा असतो. तो आकडा पूर्ण काळोख्या आकाशासाठी आणि उल्का जिथून येताना दिसतात तो बिंदू थेट डोक्यावर असताना काढलेला असतो. शहरात हायमास्टखाली उभं राहून तासाभरात पाच-दहा दिसल्या तरी नशीब. अंधाऱ्या शेतात, मध्यरात्रीनंतर, तीस-चाळीसही दिसू शकतात. चमत्काराची जाहिरात केली की माणसं निराश होऊन घरी जातात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. खरं सांगा, लोक थांबतील.

कोणी म्हणेल, हे पुण्या-मुंबईचे शौक आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. मुंबईचं खगोल मंडळ लोकांना वांगणी-नेरळला नेऊन रात्रभर आकाश दाखवतं. त्यांचं कौतुकच आहे. पण आकाशाच्या बाबतीत आपण गरीब नाही. ऑगस्टमधला ययाती राशीचा उल्कावर्षाव आपल्याकडे पावसाळी ढगांत बुडतो, हे खरं. डिसेंबरचा मात्र आपला आहे. हवा कोरडी असते, आणि लातूर-नांदेडच्या अक्षांशावर मिथुनेतला तो बिंदू रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभी राहायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा लावून विश्वातल्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. ती आपल्या अंगणात येतेय, आणि अंगणातल्या पोरांना पुनर्वसू कुठे उगवतं ते माहीत नाही.

आणि जागरण आपल्याला नवं थोडंच आहे? जागरण-गोंधळ आहे, कोजागरी आहे, एकादशीचं भजन आहे. येळवस तर बघा. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात जातो. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, सगळं होतं आणि दिवे लागायच्या सुमाराला सगळे घरी परत. स्वच्छ हवेची, बिनचांदण्याची रात्र समोर उभी असते आणि आपण तिच्या तोंडावर पाठ फिरवतो. येळवस नेहमी उल्कावर्षावाच्या तारखेला येत नाही. पण त्या दिवशी दोन तास जास्त थांबायची सवय लागली, तर डिसेंबरची रात्र आपोआप सापडेल.

तेव्हा मागणी साधी आहे. 13 किंवा 14 डिसेंबरच्या रात्री हॉस्टेलांनी गच्च्या उघडाव्यात, मुलींच्या आधी. अभ्यासिकांनी बाहेरचे दिवे दोन तास बंद ठेवावेत. फिजिक्सच्या सरांनी फळा सोडून वर यावं. गावात असाल तर आखाड्यावर जा, एकटे नको, दोन-चार जण मिळून. दुर्बीण लागत नाही. बाज, वाकळ आणि कानटोपी पुरे. पाठीवर पडून वीस मिनिटं नुसता अंधार बघा, तेवढ्यात डोळे सरावतात. आणि हो, ज्या मोबाइलवर हे वाचताय तो खिशात राहू द्या. एकदा स्क्रीन उजळली की वीस मिनिटं परत पहिल्यापासून. एरवीही ती रेघ तुमच्या कॅमेऱ्यात येणार नाही आणि स्टेटसला टाकता येणार नाही.

2026 साल चांगलं आहे. अमावस्या 9 डिसेंबरच्या आसपास आहे, म्हणजे चंद्र मध्यरात्रीआधीच मावळेल. 2027 ला नेमकी पौर्णिमा आडवी येते. म्हणून पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका.

मी यंदा गावी जाणार आहे. आईला आतापासून सांगून ठेवलंय. ती पहाटे चारला उठते आणि रात्री दहाला झोपते, आयुष्यभर. ती म्हणाली, "आणि सकाळचं काम कोण करील?" मी म्हटलं, मी करते. बाबांची त्या आठवड्यात रात्रीची लाईट नसावी, एवढंच आता हवं आहे.