डिकीतला नाद, मीटरचा बहिरा कान

कोल्हापूर जिल्ह्यात आवाजाची चर्चा वर्षातून दोनदा हमखास रंगते. गणपतीत ‘डॉल्बी’वरून आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवरच्या गाण्यांवरून. (डॉल्बी हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे भिंतीएवढा स्पीकर म्हणजे डॉल्बी, विषय संपला!) या दोन आवाजांच्या जोडीला तिसरा आवाज कॉलेजच्या पार्किंगमधून येतो. सेकंडहँड हॅचबॅक घ्यायची आणि पहिला खर्च डिकीतल्या सबवूफरवर करायचा. बजेट टाईट, पण ‘बेस’ पाहिजे.

हौसेला मोल नसतं, हे मान्य. पण डिकीतला बेस आणि मिरवणुकीतला बेस यांचं विज्ञान एकच आहे आणि त्यांना लागू होणारा कायदाही जवळपास एकच. त्या कायद्यातली एक मोठी फटसुद्धा दोघांना सारखीच लागू होते. म्हणून स्वस्तात सबवूफर कसा बसवायचा, हा प्रश्न फक्त खिशाचा राहत नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

आधी खिशाचं बघू. दुकानात खोक्यावर हजार-दोन हजार वॅट असं ठळक छापलेलं असतं. तो बहुतेक वेळा क्षणभराचा कमाल आकडा असतो. सतत किती ताकद मिळणार, हे सांगणारा आकडा म्हणजे ‘आरएमएस’. तो बारीक अक्षरात असतो, तोच वाचायचा.

दुसरी गोष्ट, दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे. १५० वॅटचे ३०० केले, तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. या शर्यतीत पैसा जळतो, हाती फारसं लागत नाही.

मोटारीची एक गोष्ट मात्र बजेटवाल्यांच्या बाजूची आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. छोट्या गाडीची आतली जागा त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे बंद गाडीत खालच्या सुरांचा दाब आपोआप वाढतो. हॉलमध्ये जे करायला मोठा स्पीकर लागेल, ते गाडीत ८ किंवा १० इंची सबवूफर नीट पेटीत बसवला तर होऊन जातं. पेटी कशाला? स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. मधे भिंत नसेल, तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना मारतात आणि बेस गायब होतो. पेटीचं माप सबवूफरसोबतच्या कागदावर असतं. सांध्यांतून हवा गळता कामा नये.

पैसे कुठे वाचवू नयेत

वायर आणि फ्यूज. हिशोब साधा आहे. ३०० वॅटचा, ८० टक्के कार्यक्षमतेचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालला, तर बॅटरीकडून सुमारे ३७५ वॅट ओढतो. चालू गाडीत १३.८ व्होल्टला भागलं की २७ अँपियर. जुन्या पद्धतीचा, कमी कार्यक्षम अ‍ॅम्प असेल तर ३५ च्या पुढे. हा प्रवाह स्टिरिओच्या वायरीतून घेणं म्हणजे आगीला आवतण. वायर थेट बॅटरीवरून, पुरेशी जाड आणि शुद्ध तांब्याची हवी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायरही मिळते. ती स्वस्त असते, पण त्याच जाडीत कमी प्रवाह सोसते.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरावरच लावायचा. तो अ‍ॅम्प वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. वायर पत्र्याच्या भोकातून जाताना घासून उघडी पडली, तर बॅटरीची सगळी ताकद तिथे उतरते. फ्यूज डिकीत अ‍ॅम्पजवळ असेल, तर मधली चार मीटर वायर उघड्यावरच. समजा १२ हजारांचं बजेट आहे, तर त्यातला किमान पाचवा हिस्सा वायर, फ्यूज आणि भोकातल्या रबरी वायसरसाठी बाजूला काढा. या खर्चाचे कुणी लाईक देत नाही, पण गाडी शाबूत राहते.

डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर तिथे जड पेटी, ड्रिलिंग आणि वायरींचा गुंता नकोच. सीटखाली बसणारा, अ‍ॅम्पसकट येणारा छोटा सबवूफर हा पर्याय बरा. कंपनीने न बसवलेली विजेची उपकरणं विम्यात वेगळी दाखवावी लागतात, हेही विसरू नका.

काचेबाहेर कायदा सुरू होतो

आता मुद्दा गाडीच्या बाहेरचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी त्यांची मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ध्वनिमानकं मोडून रस्त्यावर गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्स तीन महिने जाऊ शकतं ते वेगळंच. म्हणजे दंड जवळपास सबवूफरच्या किमतीएवढा!

डॉल्बीचा वाद तर थेट उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये ध्वनी-प्रकाश व्यावसायिकांच्या संघटनेला मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीत डीजे वाजवण्यासाठी अंतरिम दिलासा नाकारला. त्यानंतरही दरवर्षी तेच चालतं. पोलीस मीटर घेऊन उभे, मंडळं म्हणतात आम्ही मर्यादेत, आणि गल्लीतल्या आजी सांगतात की भांडी फळीवरून पडली. मग खरं कोण बोलतंय?

मीटरला बेस ऐकू येत नाही

गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. नियमातलं माप साधं डेसिबल नाही, ते ‘डेसिबल ए’ आहे. हलक्या आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, या गोष्टीवर हे माप बेतलेलं आहे. म्हणून मीटर खालच्या सुरांचे मार्क कापतो. १००० हर्ट्झला काहीच कापत नाही, पण ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल. म्हणजे ५० हर्ट्झचा १०० डेसिबलचा ठोका ‘ए’ मापात ७० दिसतो! ‘सी’ नावाचं दुसरं माप आहे, त्यात हाच ठोका ९९ च्या आसपास येतो. बऱ्याच मीटरांत ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही सोयी असतात, प्रश्न बटण कुठलं दाबायचं एवढाच.

आणि आवाज मोठा झाला की कानाचा हा भेदभाव कमी होत जातो. म्हणजे हलक्या आवाजासाठी बेतलेली फूटपट्टी आपण सगळ्यात दणदणीत आवाजाला लावतोय. काचा थरथरतात, छातीत धडधडतं, पाळण्यातलं पोर दचकून उठतं, आणि कागदावर आकडा मात्र सभ्य. भिंत आणि पत्रा वरचे सूर बऱ्यापैकी अडवतात, खालचे अडवत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरात गाणं पोचत नाही, पोचतो तो नुसता ठोका.

या फटीचा फायदा घ्यायचा की नाही, हे आज सर्वस्वी वाजवणाऱ्याच्या हातात आहे. ‘मीटरवर बसतंय’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत.

रस्त्यावरचा प्रश्न

हंगामात कोडोली-वारणानगर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तुम्ही रोज बघता. गाणी फुल्ल असली की मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही आणि मागचा वैतागून चुकीच्या जागी ओव्हरटेक मारतो. त्याला आपण नावं ठेवतो. पण काचा बंद करून सबवूफर वाजवणाऱ्या आपल्यालाही अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन तितकाच उशिरा ऐकू येणार. ट्रॅक्टरवाला निदान रात्रभर जागं राहण्यासाठी गाणी लावतो, आपल्याकडे तेवढंही कारण नाही.

कानाचा हिशोबही मांडून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० ला फक्त ४ तास. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, कुठल्याही बजेटात.

मग सबवूफर बसवायचाच नाही का? बसवा की. आवाज गाडीच्या आत भरला पाहिजे, गल्लीत नव्हे, एवढी एकच कसोटी ठेवा. गाडी थांबवून, काचा लावून, दहा पावलं लांब उभं राहून ऐका. ठोका तिथे पोचत असेल, तर सबवूफरची पातळी तिथपर्यंतच खाली आणा. नंबरप्लेट खडखडत असेल तर तीही आवळा.

आणि वारणेच्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक काम. येत्या गणपतीत आणि उसाच्या हंगामात एकाच जागी ‘ए’ आणि ‘सी’ ही दोन्ही मापं घ्या, तक्ता करा, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात नेऊन द्या. वारणा बालवाद्यवृंदाने या गावाचं नाव सुरांसाठी गाजवलंय. आवाज नीट मोजायलाही इथूनच सुरुवात व्हायला हरकत नाही. फूटपट्टी बदलायची असेल, तर आधी ती कुठे चुकते हे कुणीतरी आकड्यांत दाखवावं लागेल.