चढी बोली आणि कंपनीची पत

२ मे २००५ रोजी अमेरिकेतील एमसीआय या दूरसंचार कंपनीच्या संचालक मंडळाने घेतलेला निर्णय कोणत्याही व्यापाऱ्यास प्रथमदर्शनी चुकीचा वाटावा असा होता. कंपनी विकत घेण्यास दोन ग्राहक समोर उभे होते. डेन्व्हरची क्वेस्ट कंपनी एका शेअरला ३० डॉलर देऊ करीत होती, तर न्यूयॉर्कची व्हेरायझन २६ डॉलर. एकूण किंमत पाहता एक बोली सुमारे पावणेदहा अब्ज डॉलरची आणि दुसरी सुमारे साडेआठ अब्जांची होती. मंडळाने साडेआठ अब्जांची बोली स्वीकारली.

या निर्णयाचे मर्म समजण्यासाठी याच कंपनीचा आठ वर्षांपूर्वीचा लिलाव पाहिला पाहिजे. १९९७ मध्येही एमसीआयसाठी अशीच चढाओढ लागली होती. जीटीई कंपनीने शेअरमागे ४० डॉलर रोख देऊ केले, तर वर्ल्डकॉमने ५१ डॉलर, परंतु ते आपल्या शेअरांच्या रूपात. तेव्हा मंडळाने मोठा आकडा निवडला. एमसीआयचे सुमारे २० टक्के शेअर बाळगणाऱ्या ब्रिटिश टेलिकॉमने मात्र आपल्या हिश्श्याचे सुमारे ७ अब्ज डॉलर रोख घेतले आणि ती बाजूला झाली.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. वर्ल्डकॉमने दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्यापोटी दिलेले चालू भाडे खर्चाच्या खात्यात न दाखवता भांडवली मालमत्ता म्हणून नोंदवले आणि तोट्याचा नफा करून दाखविला. मे २००२ मध्ये पतमानांकन संस्थांनी तिचे रोखे गुंतवणुकीस अयोग्य श्रेणीत ढकलले. जूनमध्ये खोट्या नोंदी उघड झाल्या आणि २१ जुलै रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळपर्यंतची ती अमेरिकेतील सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. एकूण गैरव्यवहार अकरा अब्ज डॉलरच्या घरात गेला. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे लेख करणे, हा दोष सांगितला आहे. त्याचे याहून मोठे उदाहरण शोधणे कठीण. ५१ डॉलरच्या आशेने वर्ल्डकॉमचे शेअर अखेरपर्यंत सांभाळणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही.

एप्रिल २००४ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली आणि तिने एमसीआय हे जुने नाव पुन्हा धारण केले. सुमारे ४१ अब्ज डॉलरचे कर्ज आता सहा अब्जांच्या आत आले होते. धनकोंना आपल्या येण्याच्या बदल्यात नवे रोखे आणि शेअर मिळाले. एकदा हात पोळलेली ही मंडळी पुन्हा लिलावाच्या दारात उभी होती.

अशा लिलावात भागधारकाचे व धनकोचे हित एकाच दिशेने जात नाही. बोली चढली की भागधारक आनंदतो, पण ती चढलेली रक्कम कोठून तरी उभी करावी लागते. खरेदीदाराने त्यासाठी कर्ज काढले, तर जोडलेल्या व्यवसायाच्या त्याच मिळकतीवर अधिक व्याजाचा बोजा पडतो आणि जुन्या धनकोची सुरक्षितता घटते. म्हणून बोली सुरू होताच पतमानांकन संस्था त्या कंपनीचे रोखे निरीक्षणाखाली ठेवतात. बलवान खरेदीदार दिसला तर मानांकन वाढण्याची शक्यता असते, कर्जबाजारी दिसला तर घटण्याची. दोन्ही रिंगणात असतील तर दिशा अनिश्चित राहते. अनेक रोख्यांच्या करारात म्हणूनच अशी अट असते की मालकी बदलल्यास रोखेधारकास मुद्दल थोड्या अधिमूल्यासह परत मागता यावे.

२००५ मध्ये नेमकी हीच स्थिती होती. व्हेरायझनची पत गुंतवणूकयोग्य श्रेणीत होती. क्वेस्टवर मात्र सुमारे १७ अब्ज डॉलरचे कर्ज होते आणि तिचे रोखे त्या श्रेणीच्या खाली होते. तिच्या ३० डॉलरपैकी १६ रोख आणि उरलेले तिच्या शेअरांच्या रूपात मिळायचे होते. म्हणजे बोलीचा जवळपास अर्धा भाग क्वेस्टच्या भवितव्यावर अवलंबून होता. एप्रिलमध्ये मंडळाने क्वेस्टची बोली सरस ठरविली होती. परंतु व्हेरायझनने आपली बोली २६ डॉलरपर्यंत वाढविताच ते तिच्याकडे वळले. कंपनीच्या मोठ्या व्यापारी ग्राहकांनीही व्हेरायझनलाच पसंती कळविली होती. जी कंपनी पाच वर्षांनी टिकेल की नाही याची शाश्वती नाही, तिच्याशी दीर्घ मुदतीचा करार कोण करील? पत ढासळली की धनकोपाठोपाठ ग्राहकही जातो, आणि ग्राहक गेला की ३० डॉलरचा हिशेबच चुकतो.

काही भागधारकांनी या निर्णयावर टीका केली आणि ती निराधार नव्हती. शेअरमागे चार डॉलर सोडणे ही लहान गोष्ट नाही. तरीही क्वेस्टने माघार घेतली आणि जानेवारी २००६ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. बोली रंगात असतानाच, मार्च २००५ मध्ये, वर्ल्डकॉमचे माजी प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना न्यायालयाने दोषी ठरविले होते. १९९७ च्या निवडीचा हिशेब मंडळाच्या डोळ्यांसमोरच मांडला जात होता.

पेढीवर हुंडी स्वीकारताना जुने व्यापारी आकड्याच्या आधी लिहिणाऱ्याचे नाव पाहत. घराण्याचा व्यवसाय, दुकान वा भागीदारीतील हिस्सा विकण्याची वेळ येते, तेव्हाही हाच क्रम हितावह ठरतो. देऊ केलेल्या किमतीत रोख किती आणि वायदा किती, वायदा करणाऱ्यावर आधीचे देणे किती, आणि आपले देणेकरी व गिऱ्हाईक त्याच्या हाती सुरक्षित राहतील का, हे तपासून मगच मोठ्या आकड्याकडे पाहावे. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत संपत्तीच्या लोभाबद्दल जे शिकविते, तेच या दोन लिलावांनी व्यवहाराच्या भाषेत दाखवून दिले.