अर्ज टाका, पण पेरणी थांबवू नका



तासगाव तालुक्यातल्या एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. मजकूर मात्र थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देतो, कारण परदेशी भाऊ किंवा दीर असलेल्या पुष्कळ घरांत आज हेच चालले आहे.

“आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, अमेरिकेत असतात. तिकडचे नागरिक झाल्यावर २००९ साली त्यांनी आमच्यासाठी अर्ज टाकला. तेव्हा थोरली पाच वर्षांची होती, धाकटा पाळण्यात. ‘वहिनी, दोन-चार वर्षांत तुम्ही इकडे,’ असं ते म्हणाले होते. तेव्हापासून आमच्या घरात सगळं ‘जायचंच आहे’ म्हणून अडलंय. द्राक्षबाग थकली, नवी धरली नाही. विहिरीची एक बाजू ढासळली, बांधून घेतली नाही. आता थोरली बी.एस्सी. झाली. स्थळं येतात. पण लग्न झालं तर तिचं नाव कटतं म्हणतात. आमचे हे म्हणतात, थांबू. सासूबाई म्हणतात, पोरीला किती दिवस ठेवायची. तुम्ही सांगा, अजून किती थांबायचं?”

ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सोपा आहे. त्याच्या आधीचे अवघड आहेत. सोप्यापासून सुरुवात करू.

आपल्याकडे ऊस लावला की कारखान्यात लागणीची नोंद करतात. तोड कधी येणार हे त्या नोंदीच्या तारखेवर ठरते. अमेरिकेचा हिशेब तसाच आहे. भाऊजींचा अर्ज ज्या दिवशी तिकडच्या कचेरीत पोचला, तो दिवस तुमच्या नोंदीचा. पण कारखान्याची गाळपाची ताकद ठरलेली असते, तशी तिथेही आहे. नागरिकांच्या भाऊ-बहिणींसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा. त्यात भावाची बायको आणि मुलेही मोजतात, म्हणजे एक घर गेले की चार आकडे खर्ची पडतात. शिवाय कोणत्याही एका देशाला शेकडा ७ ची मर्यादा. आपल्या देशातून अर्ज फार, म्हणून आपली रांग लांब. आज भारतीय भावंडांची ही रांग अठरा-वीस वर्षांच्या घरात गेली आहे. २००९ ची नोंद असेल तर तुम्हाला अजून काही वर्षे आहेतच. कोणत्या तारखेपर्यंत तोड आली, हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढून फुकट जाहीर करते. कॉलेजात जाणारी कोणतीही मुलगी मोबाईलवर ते पाहून सांगेल. ‘नंबर पुढे सरकवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. तो नंबर कुणाच्या बापाला सरकवता येत नाही.

हा कायदा आला कुठून, तेही थोडे सांगतो. १९४६ सालापासून साऱ्या हिंदुस्थानाला वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. देशादेशांत भेद करणारे जुने कोटे गेले आणि तिथे राहणाऱ्यांच्या नातेवाइकांना मानाचे पान मिळाले. पण सगळ्या नात्यांचा मान सारखा नाही. नागरिक माणसाची बायको किंवा नवरा, एकवीस वर्षांखालची बिनलग्नाची मुले आणि आई-वडील, यांना रांगच नाही. कागदपत्रांना लागेल तेवढाच वेळ. आई-वडिलांना बोलवायचे तर मुलगा एकवीस वर्षांचा हवा. बाकीची मोठी मुले आणि भावंडे रांगेत, आणि भावंडे सर्वांत शेवटी. अजून नागरिक न झालेला, नुसते ग्रीन कार्ड असलेला माणूस भावाला किंवा आई-वडिलांना बोलवू शकत नाही. भाऊजी ‘दोन-चार वर्षे’ म्हणाले त्यात त्यांचे कपट नव्हते. रांगेचा अंदाज त्यांनाही नव्हता.

आता अवघड प्रश्न. तुमच्या मुलीचा.

कायदा असा आहे की आई-वडिलांबरोबर मूल जायचे तर ते बिनलग्नाचे आणि एकवीस वर्षांखालचे पाहिजे. एवढ्या लांब रांगेत पाळण्यातली मुले जाणती होतात, म्हणून २००२ साली एक सवलत आली. अर्ज टाकल्यापासून मंजूर होईपर्यंत जेवढे दिवस गेले, तेवढे मुलाच्या वयातून वजा करतात. मंजूर झाल्यावर रांगेत जी वर्षे जातात ती मात्र वजा होत नाहीत. तेव्हा भाऊजींना फोन करून दोन तारखा मागवा: अर्ज पोचल्याची आणि अर्ज मंजूर झाल्याची. दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्याकडे असणार. या दोन तारखांतले अंतर हीच तुमच्या मुलीची सारी सवलत. तुमचा नंबर लागेल तेव्हा ती किती वर्षांची असेल, त्यातून ते अंतर वजा करा. उरले ते एकवीसच्या वर जात असेल, तर तिचे लग्न थांबवून तुम्ही काहीच राखत नाही. आणि काठावर येत असेल तर निर्णय तिच्यासमोर बसून करा. हिशेबाची पाटी तिच्या हातात द्या. बी.एस्सी. झालेल्या मुलीला एवढी वजाबाकी येते. तिला पुढे शिकायचे आहे, नोकरी करायची आहे की लग्न करायचे आहे, हे तुमच्या पत्राच्या चार पानांत कुठेच नाही ताई. सासूबाई काय म्हणतात ते आहे, हे काय म्हणतात ते आहे.

तुम्ही तिकडे गेल्यावर मागे राहिलेल्या बिनलग्नाच्या मोठ्या मुलीसाठी तुम्हाला नवा अर्ज करता येतो, पण ती पुन्हा वेगळी रांग आणि पुन्हा वर्षे. ती लग्न झालेली असेल, तर आधी तुम्हाला नागरिक व्हावे लागेल. म्हणजे आणखी लांब. हे कडू आहे, पण आधी कळलेले बरे.

दुसरी गोष्ट जामिनाची. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भाऊजी तुम्हाला बोलावतात म्हणजे नुसते निमंत्रण देत नाहीत, सरकारला लेखी हमी देतात. त्यांचे घर आणि येणारी माणसे मिळून सरकारने जी दारिद्र्यरेषा ठरवली असेल, तिच्या सव्वापट उत्पन्न त्यांना दाखवावे लागते. कमी पडले तर जोडीला दुसरा जामीन लागतो. ही हमी बोलावलेला माणूस तिथला नागरिक होईपर्यंत, किंवा त्याची साधारण दहा वर्षांची नोकरी खात्यावर जमा होईपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत सुटत नाही. उद्या भावाभावांत वाजले, जावाजावांत अबोला झाला, तरी जामीन कायम. म्हणून तुमच्या जाऊबाईंचा विचार घेतला आहे का, हे भाऊजींना मोकळेपणाने विचारा. तिकडे गेल्यावर पहिले वर्षभर बहुधा त्यांच्याच घरात राहाल. पन्नाशीच्या माणसाला तिथे मिळेल ते काम धरावे लागते. इथे बागेचा मालक असलेल्या माणसाला दुकानात उभे राहून मजुरी करायची तयारी आहे का, हे ‘ह्यां’ना विचारा.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि ती आजच करण्यासारखी आहे. मुलाखत मुंबईला अमेरिकन वकिलातीत होते, आणि तिथे दोन भाऊ एकाच आई-बापाचे आहेत हे कागदाने दाखवावे लागते. आपल्या गावांत निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. जुन्या दाखल्यावर आईचे नाव नसते. एकाच्या कागदावर आडनाव एका तऱ्हेने, दुसऱ्याच्या कागदावर दुसऱ्या तऱ्हेने. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्याआधीच्या नोंदी तर कित्येक ठिकाणी सापडतच नाहीत. नोंद नसेल तर तसा दाखला ग्रामपंचायतीकडून किंवा तहसीलमधून घ्या, आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करून ठेवा. सासूबाई धडधाकट आहेत तोवर हे उरका. दोन्ही मुलांचे जन्म त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

सासूबाईंची गोष्ट निघालीच आहे. त्यांना भाऊजी रांगेशिवाय बोलवू शकतात. पण ग्रीन कार्ड म्हणजे सुगीनंतर जाऊन पेरणीला परत येण्याचा पास नव्हे. ते तिथे राहणाऱ्यासाठी असते. परवानगी न घेता वर्षभर बाहेर राहिले तर ते गेल्यातच जमा, आणि सहा महिन्यांहून जास्त राहिले तरी विमानतळावर प्रश्न विचारतात. म्हाताऱ्या माणसाला तिकडचा सरकारी आरोग्य विमा पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षे राहिल्यावरच, तोही हप्ता भरून मिळतो. तोवर दवाखान्याचा खर्च मुलावर, आणि तो फार मोठा असतो. नातवंडे पाहायला चार महिने जायचे असेल तर पाहुणा म्हणून व्हिसा मागावा. मात्र कायमचा अर्ज आधी टाकला असेल तर पाहुण्याचा व्हिसा मिळणे अवघड होते. म्हणून आधी ठरवा, मग कागद करा.

आता जमीन. तुमच्या ‘ह्यां’नी बाग धरली नाही, कारण ‘जाऊ तेव्हा विकूच’ असे मनात असावे. घाई करू नका. इथे राहत असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली शेतजमीन परदेशी गेल्यावरही आपल्या नावावर ठेवता येते, अगदी तिकडचे नागरिक झालात तरी. पण तिथे स्थायिक झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे विकली ती गेली. तिकडे जमले नाही आणि परत यावे लागले, तर बांधावर उभे राहायला बांध हवा. सातबारा, फेरफार, वाटणी सगळे स्वच्छ करून ठेवा. मुखत्यारपत्र द्यायची वेळ आली तर कशाकशाचा अधिकार देतो ते एकेक कलम वाचून द्या.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. किती थांबायचे? अजिबात थांबायचे नाही.

अर्ज मागे घ्या असे मी म्हणत नाही. तो राहू द्या. पत्ता बदलला तर कळवा, कागद तयार ठेवा, आणि फाईल ट्रंकेत ठेवून द्या. नंबर लागेल त्या दिवशी ती काढून पुन्हा विचार करा. त्या दिवशी नाही म्हणण्याचाही तुम्हाला हक्क आहे. पण तोवर विहीर बांधून घ्या. खुंटरोपे आणून नवी बाग धरा. दोन वर्षांत ती फळाला येईल, रांग दोन वर्षांत हलेल याची हमी नाही. गेलात तर चालती बाग पुतण्याला किंवा वाटेकऱ्याला देता येते, वठलेली कुणी घेत नाही.

गेली इतकी वर्षे तुमचे घर स्टँडवर बसून आहे. एस.टी. येईल तेव्हा येईल. तोवर घरी चला. विहिरीची ढासळलेली बाजू पावसाळ्याआधी बांधा, आणि आज रात्री जेवणे झाली की मुलीला जवळ बसवून विचारा, “तुला काय वाटतं?”

तिने काय सांगितले ते मला जरूर कळवा. रामराम.