खांद्याचे ऑपरेशन आणि लपवलेला टीबी

ओझी वाहून, पाट्या उचलून आपल्या वस्तीतल्या कितीतरी जणांचे खांदे निकामी होतात. काहींवर ऑपरेशनची वेळ येते. अशा वेळी आता बऱ्याच ठिकाणी मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करतात. याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात. भुलीचे डॉक्टर सोनोग्राफीवर बघत हाताकडे जाणाऱ्या नसांजवळ औषध सोडतात. कधी त्यासोबत पूर्ण भूलही देतात. ऑपरेशननंतर कित्येक तास दुखत नाही. पद्धत चांगली आहे, घाबरू नका.

मात्र एक गोष्ट माहीत हवी. त्याच जागेजवळून श्वासाच्या पडद्याची नस जाते. मानेतल्या ब्लॉकने बहुतेक वेळा तीही बधिर होते आणि त्या बाजूचा पडदा काही तास नीट हलत नाही. धडधाकट माणसाला ते फारसे जाणवत नाही. पण टीबी, दमा, विडी किंवा चुलीच्या धुराने ज्याची फुप्फुसे आधीच कमजोर झाली आहेत, त्याचा श्वास कोंडू शकतो. अशा रुग्णासाठी औषध कमी करता येते किंवा सुई खांद्याच्या मागे, त्या नसेपासून दूर देता येते. पण डॉक्टरांना आजार कळला तरच ना!

आपल्याकडे टीबी लपवतात. मुलीची सोयरीक मोडेल, घरमालक खोली खाली करायला लावील, ही भीती खोटी नाही. त्यात वॉर्डात दहा माणसांसमोर ‘काही आजार आहे का?’ असे विचारले, तर कोण खरे सांगेल? म्हणून मी एकट्या रुग्णाला दोष देणार नाही. हा प्रश्न रुग्णाला बाजूला घेऊन विचारणे हे दवाखान्याचे काम आहे. तसे झाले नाही, तर आपणच म्हणायचे, ‘डॉक्टर, जरा एकट्यात बोलायचंय.’

उपचार, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितले आहे. तेव्हा अंगठा किंवा सही देण्याआधी विचारा: ब्लॉक देणार का? माझ्या फुप्फुसांना तो झेपेल का? नाहीतर दुसरे काय?

घरी आल्यावर बधिर हात झोळीतच ठेवा, गरम चहा आणि चुलीपासून जपा. बधिरपणा उतरायच्या आधीच सांगितलेली गोळी घ्या. धाप लागली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.