सगळ्यात स्वस्त डबा कुठंय?

ब्रिस्बेनच्या विमानतळावर गेटजवळ जमिनीवर बसून आम्ही दोघं बॅगा पुन्हा भरत होतो, तेव्हा आईचा फोन आला. हातातल्या सामानाला 7 किलोची मर्यादा आणि माझी सॅक सव्वाआठ किलोची. त्यामुळे एक जॅकेट अंगात, त्यावर दुसरं, खिशांत चार्जर कोंबलेले आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाळ्यात पायात ट्रेकिंगचे बूट. आई म्हणाली, "आता कुठं?" म्हटलं, पर्थला. विमानानं.

"परत विमान? एवढे पैसे कशाला उधळता? तिकडे रेल्वे नाही का?"

"आहे गं. पण रेल्वे परवडत नाही."

आई खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला. आयुष्यभर स्लीपरनं नागपूर-पुणे करणाऱ्या बाईला विमान म्हणजे चैन आणि रेल्वे म्हणजे आपली, हे सांगावं लागत नाही. पण मी विनोद करत नव्हते. पर्थपर्यंतच्या विमानाला आम्ही माणशी सव्वादोनशे डॉलर मोजले होते. सिडनीहून पर्थला जाणाऱ्या 'इंडियन पॅसिफिक' या गाडीचं तिकीट माणशी दोन हजार डॉलरच्या पुढे जातं. डॉलरला 55 रुपये धरा. एका माणसाचा एकेरी प्रवास, लाखाच्या वर.

त्या प्रवासात आम्हांला दोन प्रकारचे शहाणे भेटले. पहिले व्हिडिओ करणारे. त्यांच्या मते बजेट प्रवास ही हुशारीची गोष्ट आहे: मंगळवारी बुकिंग करा, पहाटेचं विमान पकडा, एका सॅकमध्ये जग फिरा. ज्याला परवडत नाही तो आळशी किंवा अडाणी. दुसरे आपले सुशिक्षित मित्र. आमच्या विमानाच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'ट्रेननं जायचं ना, कार्बनचा विचार करा!' दोघांचा समज एकच: माणूस कशानं प्रवास करतो हे तो माणूस ठरवतो. मी म्हणते, हे खोटं आहे. ते तिकीट छापणारा ठरवतो, आणि तिकीट छापणाऱ्याला कुठे पैसे द्यायचे, कुठे नाही, हे सरकार ठरवतं. आपण फक्त त्यातल्या त्यात स्वस्त रांगेत उभे राहतो.

आमच्या चोवीस दिवसांत सहा दिवस निव्वळ जाण्यायेण्याचे होते. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये ते राखाडी रंगात होते. राखाडी म्हणजे वाया. त्या राखाडी दिवसांनीच मला ऑस्ट्रेलिया कळला. ऑपेरा हाऊससमोर सगळे सारखेच दिसतात. कोणाला किती वाजता उठावं लागतं, कोण किती थांबतं आणि कोण बाकावर झोपतं, हे स्टेशनवर आणि विमानतळावर दिसतं.

पहिला राखाडी दिवस मेलबर्न ते सिडनी. एकच गाडी सरळ नेते, पण आम्ही ती दोन तुकड्यांत केली, कारण नवऱ्याला एक गंमत सापडली होती. व्हिक्टोरिया राज्यानं मार्च 2023 मध्ये ठरवलं, की मेलबर्न शहरात दिवसभर फिरायला जास्तीत जास्त जेवढं भाडं लागतं, तेवढ्यातच राज्याच्या रेल्वेनं कुठेही जाता येईल. तेव्हा ती मर्यादा 9 डॉलर 20 सेंट होती. त्या हिशेबात, तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या, सीमेपलीकडे लागूनच असलेल्या ऑल्बरीपर्यंत पोचता येतं. मेलबर्नमधल्या एका साध्या जेवणापेक्षा स्वस्त. पहाटे डबा भरलेला होता: आजीआजोबा, शेतावर काम करणारी पोरं, लेकरांना घेऊन निघालेल्या बायका. पाठीवर सॅक असलेले आम्ही दोघंच. म्हणजे तिकीट परवडलं की लोक रेल्वेनं जातात. यासाठी कुणाला पर्यावरणावर व्याख्यान द्यावं लागलं नाही.

ऑल्बरीचा फलाट संपता संपत नाही. एवढ्या छोट्या गावाला एवढा फलाट कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर असं, की 1883 मध्ये दोन राज्यांचे रूळ इथे भेटले, पण जुळले नाहीत. व्हिक्टोरियाचे रूळ 1600 मिलिमीटर रुंद, न्यू साउथ वेल्सचे 1435. त्यामुळे सगळ्या प्रवाशांनी इथे उतरायचं, बोचकी उचलायची आणि समोरच्या गाडीत बसायचं. मार्क ट्वेनला 1895 मध्ये हे करावं लागलं आणि दोन वर्षांनी पुस्तक लिहून त्यानं याची यथेच्छ टिंगल केली. तरीही हा मूर्खपणा 1962 पर्यंत चालला. ऐंशीच्या आसपास वर्षं लोकांनी दोन सरकारांच्या हट्टाची किंमत स्वतःच्या पायांनी मोजली. त्या फलाटावर डब्यातली पोळी-भाजी खाताना मला वाटलं, रेल्वेच्या इतिहासात 'नैसर्गिक' असं काही नसतं. रुळांची रुंदीसुद्धा कुणीतरी कुठल्यातरी कचेरीत ठरवलेली असते.

सिडनी ते मेलबर्न रुळांवरून साधारण 960 किलोमीटर. थेट गाडीला अकरा तास लागतात, दिवसाला दोनच गाड्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. डिझेलवर चालणारी ही गाडी वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या वळणांवरून जाते. तिला धावता येतं, पण रूळ धावू देत नाहीत. वरून मात्र विमानं दीड तासाच्या आत पोचतात आणि हा मार्ग जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानमार्गांपैकी एक आहे. 'एवढा मोठा देश, एवढी कमी माणसं, रेल्वे कशी परवडणार?' हे वाक्य तिथे प्रत्येक जण ऐकवतो. नलारबोरच्या वाळवंटासाठी ते ऐकून घेते. पण दोन्ही टोकांना पन्नास लाखांहून मोठं शहर असताना ते कसं ऐकायचं? वेगवान रेल्वेची चर्चा 1984 पासून चालू आहे. 2013 च्या सरकारी अभ्यासात 114 अब्ज डॉलर खर्च सांगितला गेला. 2023 मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण निघालं. अहवाल आहेत, रूळ नाहीत.

पुढचे दिवस विमानाचे, आणि विमानतळांनी माझा मुद्दा आणखी पक्का केला. सिडनीच्या विमानतळाखाली रेल्वे स्टेशन आहे, पण तिथे चढायला-उतरायला नेहमीच्या भाड्यावर पंधरा डॉलरहून जास्त प्रवेशशुल्क द्यावं लागतं, कारण ती स्टेशनं खाजगी करारावर चालतात. म्हणून आम्ही साध्या बसनं मॅस्कॉट स्टेशनपर्यंत गेलो. तेही त्याच मार्गावरचं, पण तिथलं शुल्क 2011 मध्ये रद्द झालंय. मेलबर्नच्या मुख्य विमानतळाला रेल्वेच नाही. महागडी बस घ्या, नाहीतर गावभर फिरणारी साधी बस पकडून ब्रॉडमेडोज स्टेशन गाठा. पर्थला 2022 मध्ये विमानतळाची रेल्वे सुरू झाली, आणि तिथे नेहमीचंच भाडं. तीन शहरं, तीन उत्तरं. देश तोच, डॉलर तोच. मग यात माझी हुशारी कुठे आली?

क्वीन्सलँडची गोष्ट तर सगळ्यात बोलकी. ऑगस्ट 2024 पासून तिथे बस, ट्राम, लोकल, कशातही बसा, भाडं 50 सेंट. गोल्ड कोस्टच्या विमानतळावर उतरून बस आणि मग गाडी करत आम्ही ब्रिस्बेनला आलो. सुमारे शंभर किलोमीटर, दोघांचा मिळून एक डॉलर. नवऱ्यानं कार्ड दोनदा तपासलं, यंत्र बिघडलं असेल म्हणून. आधी प्रयोग म्हणून आणलेली ही योजना पुढे कायम केली गेली. फक्त ब्रिस्बेन विमानतळाची गाडी त्यातून वगळलेली, कारण तीही खाजगी. म्हणजे जिथे सरकारच्या हातात आहे तिथे एका निर्णयात भाडं पन्नास सेंट होतं, आणि जिथे हात बांधून घेतलेत तिथे होत नाही.

आता 'इंडियन पॅसिफिक'कडे येते, कारण माझं खरं भांडण तिच्याशी आहे. शाळेच्या नकाशात मी ती रेघ पाहिली होती: सिडनी ते पर्थ, 4352 किलोमीटर, मधे नलारबोरवर 478 किलोमीटर रूळ एकदाही वळत नाहीत. जगात एवढा सरळ रूळ दुसरा नाही. या रुळामागे एक वचन आहे. 1901 मध्ये सगळ्या वसाहती एक देश झाल्या, तेव्हा दूरच्या पश्चिम ऑस्ट्रेलियाला दिलेल्या आमिषांत ही रेल्वे होती. 1912 ते 1917 या काळात सार्वजनिक पैशानं ती बांधली. रुंदीचे घोळ निस्तरून 1970 मध्ये गाडी न बदलता एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाता येऊ लागलं.

त्या गाडीला आणि अ‍ॅडलेडहून डार्विनला जाणाऱ्या 'घान'ला बसून जायचा स्वस्त डबा होता. त्याला 'रेड' म्हणत. आपल्या चेअर कारसारख्या खुर्च्या. निवृत्तिवेतनावर जगणारे सवलतीत त्यातून जात, पाठीवर सॅक घेतलेली पोरं जात. केंद्र सरकारनं सवलतींसाठीचा पैसा थांबवला आणि 2016 च्या मध्यावर तो डबा निघून गेला. उरल्या त्या बंद खोल्या, शुभ्र टेबलक्लॉथ, वाइन, आणि वाटेत सहली. रूळ तेच, वाळवंट तेच. वचन देणाऱ्या देशाला मात्र आता खिडकीतून बघायचे पैसे पडतात. 'घान' हे नाव तर उंटवाल्या 'अफगाणां'वरून पडलं असं मानतात. ते सगळे अफगाण नव्हतेच. बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण, असे आपल्याच उपखंडातले कष्टकरी होते. रेल्वे येण्याआधी त्या वाळवंटात त्यांनी माल वाहिला. आज त्यांच्यासारख्या कमाईच्या माणसाला त्यांच्याच नावाच्या गाडीत जागा नाही.

कुणी म्हणेल, तोट्यातल्या खुर्च्यांना करदात्यानं का पोसावं? हा प्रश्न रास्त आहे. पण तोच करदाता दुर्गम वस्त्यांच्या विमानसेवेला अनुदान देतो, आणि वाळवंटातून जाणाऱ्या रस्त्याला कुणी 'तू नफ्यात आहेस का' असं विचारत नाही. ताळेबंद फक्त स्वस्त डब्यालाच मागितला जातो. आणि कुणी असंही म्हणेल, की तुम्ही सुट्टीवर आलेली माणसं, तुम्हांला कसलं दुःख? मान्य. आमचं काही बिघडलं नाही. मी पर्थला पोचले, समुद्र पाहिला, फोटो टाकले. वाळवंट मात्र रात्रीच्या विमानाखाली काळंकुट्ट राहिलं. माझी फक्त हौस हुकली. पण अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधल्या पेन्शनवरच्या म्हाताऱ्या बाईची अ‍ॅडलेडच्या लेकीकडे जायची खुर्ची गेली. तिला पहाटेच्या विमानांचे सौदे शोधायला कोण शिकवणार?

हे सगळं मला इतकं लागलं, कारण ती बाई माझ्या ओळखीची आहे. ती नागपूरला राहते. 58 वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत तिकिटावर पन्नास टक्के सवलत होती, पुरुषांना साठीनंतर चाळीस टक्के. मार्च 2020 मध्ये कोविडचं कारण देऊन ती थांबवली. कोविड गेला, गाड्या भरून वाहू लागल्या, सवलत परत आलेली नाही. लांबच्या गाड्यांत स्लीपरचे डबे कमी होऊन थर्ड एसी वाढले, ही तक्रार रोज प्रवास करणाऱ्या कुणालाही विचारा. साध्या डब्यांच्या 'अमृत भारत' गाड्या सुरू झाल्या, हे चांगलंच झालं. पण रील कशाचं होतं? 'वंदे भारत'चं. आम्हीसुद्धा तिच्या काचेच्या दारापाशी फोटो काढलाय. चकचकीत गाडी नकोच असं माझं म्हणणं नाही. पण चकचकीत गाडी आली म्हणून टाळ्या वाजवताना मागचा डबा कोणता काढला, हे बघत चला. ऑस्ट्रेलियातही 'रेड' डबा गेला तेव्हा गाडी बंद पडली नव्हती. ती अधिक सुंदर झाली होती. म्हणूनच फारसं कुणाला काही गेल्यासारखं वाटलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'ट्रेननं जा ना' असं सुनावलं, की त्याला कार्बनचा हिशेब देत बसू नका. आणि कुणी नव्या गाडीचा व्हिडिओ पाठवला, की वेग, काच, जेवण यांच्या आधी एकच विचारा: यात सगळ्यात स्वस्त डबा कुठंय, आणि त्यात किती जागा आहेत?

परत आल्यावर मी आईला विचारलं, दिवाळीला येतेस ना? ती म्हणाली, "बघू. तिकीट बघते आधी." पूर्वी ती आधी पिशवी भरायची.