घोडा आणि मक्ता

मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस, नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नांदेडकडे लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत दुसरा. पुढे पौष येतो, ज्यात लग्नकार्य वर्ज्य मानण्याचा प्रघात पुष्कळ घरांतून अद्याप टिकून आहे; आणि संक्रांत सरून माघ लागला, की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतील मंगल कार्यालयांच्या दारी वराती येऊ लागतात. पंचांगातील या तीन महिन्यांचा क्रम ज्याने नीट ध्यानात घेतला, त्याला आमच्या व्यवसायातील बहुतेक दोषांचे मूळ सापडले असे समजण्यास हरकत नाही; कारण यात्रेत विकत घेतलेले, दावणीला बांधण्यापलीकडे मनुष्याचा हात क्वचितच लागलेले तीन वर्षांचे शिंगरू जर माघात ताशा, बँड, फटाके आणि विजेच्या दिव्यांच्या झगमगाटात नवरदेवाला पाठीवर घेऊन उभे राहावयाचे असेल, तर त्याच्या सर्व शिक्षणास मध्ये एका पौषाचाच अवकाश उरतो.

यात्रेतील गिऱ्हाईक काय पाहते, हेही येथे सांगितले पाहिजे. ते भोवरे मोजते, देवमण कोठे आहे ते पाहते, पंचकल्याणी असेल तर हरखते, आणि नुकरा असेल तर त्याच्या शुभ्र कांतीपुढे बाकीचा विचार सोडून देते. मागचा पाय उचलून दाखवा, असे म्हणणारा खरीदार विरळा. डोळ्यांना जे दिसते त्याची किंमत होते आणि जे हाताला कळावयाचे त्याची होत नाही, म्हणून शिंगरू वाढविणाराही त्यावर हात फिरविण्यात आपला वेळ खर्च करीत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग ते जनावर उपनगरात येते, आणि मालक चाबुकस्वाराशी बोलणे करतो: अमुक रकमेत घोडा वरातीस तयार करून द्यावा. आमच्या मते सारा अनर्थ या एका वाक्यात आहे. रक्कम ठोक ठरली, म्हणजे मक्ता झाला. आणि मक्त्यात प्रत्येक अधिक दिवस हा मक्तेदाराच्या पदरचा असतो. चाबुकस्वार स्वभावतः निर्दय असतो असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, जनावराच्या नुसत्या कानाच्या हालचालीवरून त्याच्या मनाचा ठाव घेणारी माणसे याच वर्गात आढळतात. परंतु ज्याच्या जमाखर्चात सबुरी ही केवळ खर्चाच्या बाजूस मांडली जाते, त्याने सबुरी धरावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मग अगाडी-पिछाडी आवळून बांधावयाचे, पाठीवर पोती आपटीत राहावयाचे, जनावर थकून धडपडायचे थांबेपर्यंत थांबावयाचे नाही, आणि इतके करूनही तोंड जड राहिले तर काटेरी लगाम, हा जवळचा रस्ता त्याला घ्यावा लागतो. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी काटे किंवा गाठी असलेल्या लगामास मनाई केली आहे, आणि त्यामागे १९६० चा क्रूरताप्रतिबंधक अधिनियम आहे. पण अंमलदार येऊन लगाम जप्त करू शकतो, ज्या घाईने तो लगाम तोंडात घालावा लागला ती घाई त्याला जप्त करता येत नाही.

असा बसविलेला घोडा मालकाला फसवितो, कारण तो शांत दिसतो. पळ काढण्याचे सर्व मार्ग बंद झालेला प्राणी एका मर्यादेनंतर हालचाल सोडून देतो, आणि अननुभवी दृष्टीला हे स्थैर्य शहाणपणाचे वाटते. ज्याला या विद्येची थोडीशीही जाण आहे त्याने अशा वेळी पायांकडे न पाहता वर पाहावे: पापणी लवत नाही, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, ओठ आवळलेले आहेत, श्वास वरच्यावर चालला आहे आणि लीद पातळ होऊन वारंवार पडते आहे. हे जनावर काही शिकलेले नाही, ते केवळ गप्प झाले आहे. आणि जे दडपले गेले ते वैशाखातील एखाद्या रात्री, लालबहादूर शास्त्री मार्गावर, मागून फटाक्यांची माळ सुटली असता, पाचशे माणसांच्या मध्यभागी बाहेर येते.

आता खरे शिक्षण किती वेळ घेते आणि तो वेळ कोठे जातो, याचा हिशेब मालकांपुढे मांडणे आम्हांला अवश्य वाटते. घोडा हे भक्ष्य होऊन जगलेल्या कुळातील जनावर. त्याचे डोळे कपाळाच्या दोन अंगांस असल्यामुळे त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते, मात्र अगदी नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा प्रदेश त्याच्या दृष्टीआड राहतो; म्हणून कोऱ्या शिंगरापाशी जाताना समोरून तोंडावर किंवा मागून न जाता खांद्याच्या रोखाने, तिरकस आणि मंद पावलांनी जावे. ते मान वर करून पाहू लागले, की तेथेच थांबावे. आणि त्याने मान सैल सोडली, की एक पाऊल मागे घ्यावे. हे मागे घेतलेले पाऊलच त्याचे बक्षीस. दाब कोणताही असो, माणसाच्या जवळ येण्याचा, दोरीच्या ओढीचा की टाचेचा, तो दिल्याने शिंगरू शिकत नसून तो अचूक क्षणी काढल्याने शिकते, आणि हा क्षण डोळ्याचे पाते लवण्याइतका अल्प असतो. ज्याचे चित्त उरलेल्या दिवसांच्या मोजणीत गुंतले आहे, त्याच्या हातून तो निसटल्याखेरीज राहत नाही.

पहिला स्पर्श मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या उंचवट्यावर असावा. घोडे एकमेकांना प्रेमाने दातांनी खाजवितात ते याच जागी, आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात येथे खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे आढळले आहे. थोपटण्याची आपली सवय मात्र सोडावी; थोपटल्याने समाधान होते ते थोपटणाऱ्याचे. तेथून हात पाठीवर, छातीवर, कानांवर आणि सर्वांत शेवटी पायांवर न्यावा, आणि डाव्या अंगास जे शिकविले ते उजव्या अंगास नव्याने शिकवावे, कारण एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की पुष्कळ घोडे ती नवीनच असल्याप्रमाणे दचकतात. नालबंदाला पाय देणे, म्होरकी घालून घेणे, दोरीच्या इशाऱ्याने पुढे-मागे होणे, पाठीवर प्रथम फडके, मग रिकामे खोगीर, मग पोटपट्टीचा ताण, मग कावा, आणि या सर्वांनंतर माणसाचे वजन, असा हा क्रम आहे. लगामाचा नंबर त्यात जितका उशिरा येईल तितका बरा. आवाजाचे शिक्षण याहून निराळे. ताशाची सवय ताशाच्या शेजारी बांधून होत नाही. जेथे शिंगराचा कान केवळ वळतो पण तोंड चाऱ्यातून निघत नाही, इतक्या अंतरावर वाद्य ठेवावे आणि ते अंतर दिवसादिवसाने कमी करीत आणावे. लोखंडी झाकणे, रंगाचे पट्टे, पावसाने तकतकणारा सिमेंटचा रस्ता, डोक्यावरून जाणारी मेट्रो, यांपैकी प्रत्येकाचा धडा वेगळा. एवढे सगळे एका पौषात आटोपेल, असे जो सांगतो त्याने एक तर घोडा शिकविलेला नाही, किंवा तो मक्त्यावर आहे.

आणि घोड्यापासून ही घाई लपत नाही. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाच्या एका घोड्याची, तो खुराने ठोके देऊन गणिते सोडवितो म्हणून, मोठी प्रसिद्धी झाली होती. ओस्कार प्फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली दाखवून दिले, की उत्तराचा ठोका पडताच प्रश्नकर्त्याच्या मस्तकात नकळत होणारी अत्यल्प हालचाल तो टिपत असे. ज्याला आपल्या मानेचे एक केसभर उचलणे वाचता येते, त्याच्यापुढे उतावळेपणा झाकून काम करू म्हणणे व्यर्थ होय.

मजुरीचा प्रश्न आमच्या पूर्वजांना कळला नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वदमकाला, म्हणजे घोडा वळविणाऱ्याला, चिकित्सकाच्या पंक्तीस बसवून दोन हजार पण वेतन सांगितले आहे. अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोडा चार किंवा पाच वर्षांचा झाल्यावर कामाला योग्य होतो असे म्हटले असून, तीक्ष्ण, भद्र आणि मंद असा त्याचा स्वभाव पाहून काम नेमावे असा निर्देश आहे; पागेतील नोकराने कर्तव्यात चूक केली तर एका दिवसाचे वेतन कापावे, आणि वैद्याने अडवून ठेवलेला घोडा कामास लावला तर बारा पण दंड घ्यावा, हेही तेथेच आहे. दिवसाचे वेतन कापता येते, कारण ते दिवसाने दिलेले असते. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या तुकडीमागे एक पखालजी व एक नालबंद सरकारातून तैनात असे. घोडा सरकारचा, म्हणून त्याच्या निगेचा कारखानाही सरकारचा. निगा हा कायमच्या नेमणुकीचा विषय आहे, ही समज त्या व्यवस्थेच्या मुळाशी दिसते. शर्यतीच्या घोड्यांचे जग आम्हांला सर्वस्वी मान्य नाही, दोन वर्षांच्या वयात त्यांना धावविले जाते ते तर नाहीच. पण पुण्याच्या परिसरातील मोठ्या स्टड फार्मांवर शिंगरू जन्मापासून पगारी मोतद्दारांच्या हाताखाली वाढते, म्हणून महालक्ष्मीच्या मैदानावर येणारे शिंगरू दोरीने चालण्याचे तरी आधीच शिकलेले असते, एवढे श्रेय त्या मंडळींना दिलेच पाहिजे.

दरमहा मुशाहिरा मुक्रर केला तर चाबुकस्वार काम लांबवील, असा आक्षेप तबेलेवाले घेतील, आणि तो अगदीच पोकळ नाही. त्यावर उपाय रोजनाम्याचा. म्होरकी कोणत्या दिवशी घातली, चारही पाय कधी दिले, उजव्या अंगाने खोगीर कधी घेतले, ताशाचे अंतर किती उरले, याची रोजची नोंद मालकाने आठवड्याला वाचावी. आळस आणि सबुरी यांतला भेद अशा वहीत लपत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्या पदरी दोनच घोडे आहेत आणि ज्याचे वर्ष लग्नसराईच्या कमाईवर चालते, त्याने नव्या घोड्याला सहा-आठ महिने बसून चंदी कोठून घालावी? या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु निम्मे काम शिंगराच्या जन्मस्थानी हलविता येण्याजोगे आहे. फ्रान्समध्येच झालेल्या एका प्रयोगात, शिंगरू जन्मल्यापासून पाच दिवस, रोज पाव तास, केवळ त्याच्या आईला हळुवार ब्रश केला गेला; शिंगराला कोणी हातही लावला नाही. आईचा निर्धास्तपणा पाहत उभी राहिलेली ती शिंगरे पुढे वर्षभरानंतरही इतरांपेक्षा माणसाजवळ सहज येत. खरारा आपल्या प्रत्येक पागेत आहे, आणि पाव तासही आहे. यात्रेतील खरीदाराने हाताळलेल्या शिंगरासाठी जास्त दाम मोजले, तर खानदेशातील आणि मराठवाड्यातील पाळणारा ते करील. आणि भीमथडीच्या घोड्याला आता स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली असल्याने, पुणे-सोलापूरकडील धनगर बांधवांनाही या बाबतीत काही विचारण्याचा व देण्याचा हाच समय आहे.

उपनगरांतील तबेला म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे म्हशी येतात, आणि घोडा केवळ जुहूच्या वाळूवर किंवा वरातीत उरला आहे असा समज आहे. त्यात एक भर पडली ती पोलिसांच्या अश्वदलाची. रस्त्यावरील मोटारींची वर्दळ वाढल्यामुळे १९३२ साली मुंबईतून उठविलेले हे दल २६ जानेवारी २०२० रोजी शिवाजी पार्कच्या संचलनात पुन्हा दिसले, आणि त्याच्या पागेसाठी अंधेरीतील मरोळची जागा मुक्रर झाली. घोड्यावरचा एक शिपाई जमिनीवरच्या तीस शिपायांबरोबर, असे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले होते. ही तुलना कितपत काटेकोर आहे त्याचा निर्णय पोलिसांनी करावा. आमचे म्हणणे इतकेच, की जमावात शिरावयाच्या घोड्याचे शिक्षण वरातीच्या घोड्याहून कठीण असते, आणि सरकारी खरेदीची पद्धत निविदांची, म्हणजे पुन्हा मक्त्याचीच, असते. मरोळच्या पागेत कायमचा, पगारी आणि पदोन्नतीचा हक्क असलेला चाबुकस्वार नेमला गेला, तर साऱ्या उपनगराच्या पागांना अनुकरणासाठी एक दाखला मिळेल. व्हिक्टोरियांचे काय झाले, हे वाचकांस माहीत आहेच: जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून वर्षभरात बंद करण्याचा हुकूम दिला, आणि जी सुधारणा गाडीवाल्यांनी स्वतः होऊन केली असती तर कदाचित निम्म्यात भागली असती, तिच्या जागी संपूर्ण बंदी आली. वरातीच्या घोड्याविरुद्ध अर्ज अजून पडावयाचा असेल, तर तो पडण्यापूर्वीचा काळ आपल्या हातात आहे.

या मासिकापुरती आम्ही तजवीज ठरविली आहे. येत्या मार्गशीर्ष अंकापासून घोडा विक्रीची जी जाहिरात येईल तीत रंग, उंची आणि भोवरे यांच्या जोडीला दातांवरून ठरविलेले वय, हाताळणी किती महिने झाली आणि ती दरमहा वेतनावर की ठोक रकमेवर, या तीन गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर ती परत पाठविली जाईल. रोजनाम्याचा एक नमुना याच अंकात मधल्या पानावर छापला आहे; तो कापून पागेत लावण्यास आमची ना नाही.